बॅटरी वारंवार उतरते आहे : अल्टरनेटर बदलण्यापूर्वी घरी करायच्या तपासण्या

नवी बॅटरी बसवून तीन-चार महिनेही होत नाहीत तोच एखाद्या सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक ऐकू येते, गाडी सुरू होत नाही, आणि बॅटरीच्या दुकानात तपासून घेतली असता ‘बॅटरी चांगली आहे, फक्त उतरली आहे’ असे उत्तर मिळते. चार्जिंगमधील बिघाडाचे हे सर्वांत ओळखीचे लक्षण आहे. गाडी त्याच्या बऱ्याच आधीपासून खुणा देत असते, परंतु त्या सुट्यासुट्या दिसत असल्याने त्यांचा एकमेकींशी संबंध लक्षात येत नाही. रात्री सिग्नलला थांबल्यावर हेडलाइट पिवळट होतात आणि रेस देताच पुन्हा उजळतात. काचा वर जाताना रेंगाळतात. भर पावसात एसी, वायपर आणि मागच्या काचेचा डिफॉगर एकदम चालू केल्यावर बॉनेटखालून कर्कश आवाज येतो. स्पीकरमधून रेसबरोबर चढणारी-उतरणारी बारीक शीळ ऐकू येते. आणि ज्या गाड्यांचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते त्यांत वळण घेताना स्टिअरिंग एकाएकी जड लागते. डॅशबोर्डवरील बॅटरीच्या आकाराचा लाल दिवा पेटणे ही सर्वांत स्पष्ट खूण होय. पण तो पेटला नाही म्हणजे चार्जिंग ठीक आहे, असा अर्थ काढता येत नाही.

याच यंत्रणेच्या दुसऱ्या बिघाडाची लक्षणे नेमकी उलट असतात. बल्ब वरचेवर उडतात, बॅटरीचा वरचा भाग ओलसर राहतो, तिच्यातील पाणी लवकर आटते, तिच्या बाजू फुगतात आणि बॉनेट उघडताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होत असल्याचे हे लक्षण आहे आणि ते अधिक धोकादायक आहे.

घरच्या, नातेवाइकांच्या आणि सोसायटीतील शेजाऱ्यांच्या गाड्यांवर हाच बिघाड वारंवार काढताना माझे एक ठाम मत झाले आहे. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारे यंत्र, गेला असे समजून हाती घेतलेले काम पुष्कळदा टर्मिनल, अर्थिंग किंवा पट्टा यांपैकी एका ठिकाणी संपते, आणि जिथे खरोखर अल्टरनेटरच दोषी असतो तिथेही बहुधा त्यातील कार्बन किंवा रेग्युलेटर एवढाच भाग बदलावा लागतो. म्हणून आधी मोजावे आणि मगच खर्च करावा. खालील तपासण्या १२ व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी असलेल्या पेट्रोल व डिझेल गाड्यांसाठी आहेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना त्या लागू नाहीत. त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

यंत्रणा थोडक्यात

इंजिन चालू असताना गाडीला लागणारी वीज अल्टरनेटर पुरवतो. बॅटरीचे मुख्य काम सेल्फ फिरवण्यापुरते असते. क्रँकच्या पुलीवरून आलेला पट्टा अल्टरनेटरला इंजिनाच्या साधारण दोन ते तीन पट वेगाने फिरवतो. आत फिरणाऱ्या रोटरला त्याला घासत राहणाऱ्या दोन छोट्या कांड्यांतून, म्हणजे कार्बनमधून, थोडासा प्रवाह मिळाला की त्याचे चुंबक बनते आणि भोवतालच्या वेटोळ्यांत थ्री-फेज एसी वीज तयार होते. डायोड प्लेट तिचे डीसीत रूपांतर करते, आणि रेग्युलेटर, ज्याला बाजारात अजूनही कटआउट म्हणतात, कार्बनमधून जाणारा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज १४ च्या आसपास राखतो. याचा अर्थ असा की पट्टा, कार्बन, रेग्युलेटर, डायोड, बॅटरीपर्यंत जाणारी जाड वायर आणि परतीचे अर्थिंग यांपैकी एकही जागा कच्ची राहिली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे उतरलेली बॅटरी.

हात लावण्यापूर्वी

घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. ओढणी किंवा सैल बाही पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी सुरू होऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असल्याने काडी, सिगारेट, ठिणगी यांपैकी काहीही जवळ नको. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे, आणि गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, बंद पडली तर खराब, अशी एक पद्धत रस्त्यावरच्या दुरुस्तीत अजून वापरली जाते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ती खपून गेली. आजच्या गाडीत बॅटरी अचानक तुटली तर अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर ४० च्याही पुढे उसळू शकते, आणि त्यात इंजिनाचा संगणक, म्युझिक सिस्टीम आणि खुद्द अल्टरनेटरचे डायोड एकदम जाऊ शकतात. कोणी मेकॅनिक तुमच्या गाडीवर ही तपासणी करू लागला तर त्याला नम्रपणे पण तत्काळ थांबवावे.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी लाल दिव्याची. इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’वर फिरवावी, बॅटरीचा दिवा पेटलाच पाहिजे. इंजिन सुरू होताच तो विझलाच पाहिजे. ‘ऑन’वर तो पेटतच नसेल तर बल्ब, त्याचा फ्यूज, अल्टरनेटरच्या मागच्या बाजूस खोचलेला छोटा कनेक्टर किंवा झिजलेले कार्बन यांवर संशय घ्यावा. जुन्या पद्धतीच्या अनेक अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व देणारा प्रवाह याच दिव्यातून जातो. त्यामुळे एवढासा बल्ब गेल्यानेही चार्जिंग सुरू होत नाही, आणि इशारा देणारा दिवाच गेलेला असल्याने चालकाला काहीच कळत नाही. इंजिन चालू असताना दिवा पूर्ण न विझता मंद लुकलुकत राहिला तर डायोड प्लेटकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर बॅटरीची टर्मिनले पाहावीत. त्यांवर पांढरी-निळसर बुरशीसारखी भुकटी जमली असेल, किंवा क्लॅम्प हाताने पिळल्यावर किंचित जरी फिरत असेल, तर पुढची कोणतीही तपासणी करण्यात अर्थ नाही. शिशाच्या खांबावर करडा थर साचला असला तरी बाहेरून क्लॅम्प घट्ट बसलेला दिसतो. म्हणून तो काढूनच पाहावा. बहुतेक छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना पुरतो. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने ती भुकटी धुवावी, हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करावी, कोरडे करून घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. जेली आधी नाही, आवळल्यानंतर लावायची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे काम दर पावसाळ्यापूर्वी करावे, कारण खारट दमट हवेत तांब्याच्या वायरीदेखील कवचाखाली हिरव्या पडतात.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि तिथून इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी याच वेळी पाहावी. तिचा बोल्ट गंजलेला, पट्टी तुटत आलेली किंवा रंगावर आवळलेली असेल तर परतीचा मार्गच कच्चा राहतो. अपघातानंतर बॉडीचे काम झालेल्या गाडीत हे मी हमखास तपासतो, कारण पेंटर सर्व जागा रंगवतो आणि फिटर त्या रंगावरच बोल्ट बसवतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात. वायरींवरचे दातांचे ठसे टॉर्च लावून शोधावेत.

आता पट्टा. इंजिन बंद आणि किल्ली काढलेली असतानाच त्याला हात लावावा. कडेचे धागे निघालेले, खाचांमध्ये आडव्या भेगा, खाचा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या, किंवा तेल-कूलंट पडून रबर मऊ झालेले, यांपैकी काहीही दिसले तरी पट्टा बदलावा. जुन्या व्ही आकाराच्या पट्ट्याचा सर्वांत लांब सरळ भाग अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. चपट्या, खाचा असलेल्या पट्ट्यासाठी मात्र गाडीच्या पुस्तिकेतील मापच प्रमाण मानावे, आणि स्वयंचलित टेन्शनर असेल तर पट्टा हाताने ताणण्याचा प्रश्नच येत नाही. पट्टा सैल असला की अल्टरनेटर बिनभाराचा असताना ठीक फिरतो आणि भार पडताच पट्टा घसरतो. पावसात एसी व डिफॉगर लावल्यावरच आवाज का येतो, याचे हेच कारण आहे. आवाज बंद व्हावा म्हणून पट्ट्यावर मेण, साबण किंवा तेल लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. त्याने आवाज चार दिवस थांबतो, घसरणे वाढते. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणणेही तितकेच वाईट आहे, कारण तो ताण अल्टरनेटरच्या आणि ज्या गाड्यांत तोच पट्टा वॉटर पंप फिरवतो त्यांत पंपाच्याही बेअरिंगवर येतो.

मुख्य फ्यूजबॉक्समधील चार्जिंगचा मोठा फ्यूजही पाहून घ्यावा. तो बहुधा पारदर्शक झाकणाचा आणि बोल्टने आवळलेला असतो. काढायचा झाल्यास बॅटरीचे निगेटिव्ह सोडून मगच काढावा. नुकतीच जंपर केबल उलटी लागली असेल तर हा फ्यूज उडालेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. तसे झालेल्या गाडीत डायोडही गेलेले असू शकतात.

मल्टिमीटरने मोजणे

इथपर्यंत काही सापडले नाही तर मल्टिमीटर घ्यावा. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर या कामाला पुरतो. काळी वायर ‘कॉम’मध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात आणि चकती डीसी २० व्होल्टवर ठेवावी. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोके बॅटरीला लावली तर मीटर आतून शॉर्ट होतो, म्हणून टोक टेकवण्यापूर्वी भोक दर वेळी डोळ्यांनी पाहावे.

पहिले माप गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, दार उघडण्याआधी बॉनेट उघडता येत नसल्यास आतले दिवे विझेपर्यंत थांबून, घ्यावे. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली ती जवळपास रिकामी समजावी. बॅटरी चार्जरने भरल्यावरही १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहा सेलपैकी एक गेला आहे, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. अशा वेळी अल्टरनेटरला दोष देऊ नये. सेल्फ मारताना कोणाला तरी मीटरकडे पाहायला सांगावे. आकडा १० च्या बऱ्याच खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावे.

इथे घाई करू नये, असा माझा आग्रह आहे. रिकाम्या बॅटरीवर अल्टरनेटरची तपासणी फसवी ठरते. रिकामी बॅटरी भरपूर प्रवाह ओढते आणि चांगल्या अल्टरनेटरचेही व्होल्टेज खाली खेचते. शिवाय पूर्ण उतरलेली बॅटरी धक्का मारून गाडी सुरू करून अल्टरनेटरकडूनच भरून घेतली तर तो तासभर पूर्ण भारावर तापत राहतो, आणि नवा बसवलेला अल्टरनेटरही त्यात लवकर जातो. चार्जर नसेल तर बॅटरीच्या दुकानात रात्रभर चार्जिंगला द्यावी.

भरलेल्या बॅटरीवर इंजिन सुरू करून, सर्व उपकरणे बंद ठेवून, पुन्हा बॅटरीच्याच खांबांवर मोजावे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर काम करतो आहे. आता हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर पूर्ण वेगावर आणि डिफॉगर चालू करून इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर धरावे, आकडा १३.५ च्या आसपास किंवा वर टिकला पाहिजे. आयडलिंगवर तो थोडा उतरला आणि रेस दिल्यावर सावरला तर तो बिघाड नाही. ६० वॉटचे दोन हेडलाइटच १० अँपिअर खातात, त्यात ब्लोअर, डिफॉगर आणि रेडिएटरचा पंखा मिळवला तर तीस-चाळीस अँपिअर सहज होतात, आणि आयडलिंगवर कोणताही अल्टरनेटर आपली पूर्ण क्षमता देत नाही. ज्यांनी बाहेरून जास्त वॉटचे दिवे किंवा मोठा अॅम्प्लिफायर बसवून घेतला आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा.

इंजिन चालू असताना आकडा १२.६ च्याच आसपास राहून हळूहळू उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर सुटला आहे. अशी गाडी चालवू नये. मधल्या आकड्यांबाबत थोडे तारतम्य लागते. रेग्युलेटर तापल्यावर जाणूनबुजून व्होल्टेज थोडे कमी ठेवतात, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या दुपारी लांबून आलेल्या गाडीत १३.५ दिसले म्हणून अल्टरनेटर खोलू नये. तसेच अलीकडच्या, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या, अनेक गाड्यांत चार्जिंगचे व्होल्टेज इंजिनाचा संगणक गरजेनुसार ठरवतो. बॅटरी भरलेली असताना तो मुद्दाम १२.८ पर्यंत उतरवतो आणि ब्रेक मारताना १४.८ पर्यंत चढवतो. अशा गाडीत हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. आकडा वर चढला तर यंत्रणा ठीक आहे.

वाटेत हरवणारे व्होल्टेज

ही तपासणी फार कमी लोक करतात, आणि निष्कारण बदललेल्या अल्टरनेटरपैकी पुष्कळ हिने वाचले असते, असे मला मनापासून वाटते. अल्टरनेटरच्या मागे जाड वायर बसवलेला एक बोल्ट असतो, त्यावर बहुधा रबराची टोपी असते. हा बी-प्लस बोल्ट. इंजिन चालू, हेडलाइट व ब्लोअर चालू, रेस १५०० च्या वर. मीटरचे लाल टोक या बोल्टवर आणि काळे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवावे. क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर. आकडा ०.२ च्या आत असावा, ०.३ च्या पुढे गेला तर त्या वाटेत कुठेतरी गंज, ढिला बोल्ट किंवा अर्धवट जळलेला फ्यूज आहे. मग काळे टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर आणि लाल टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवून अर्थिंगची बाजू मोजावी, तिथे ०.१ च्या आसपासच आकडा यावा.

अल्टरनेटर १४.४ व्होल्ट देतो आणि बॅटरीला १३.१ च पोहोचते, अशा गाडीत नवा अल्टरनेटर बसवूनही काही फरक पडत नाही. दोन टोके जवळ जवळ आणत गेले की जागा सापडते: आधी खांब आणि क्लॅम्प यांच्यात मोजावे, मग क्लॅम्प आणि वायर, मग वायर आणि बॉडी, मग बॉडी आणि इंजिन. ज्या जोडावर आकडा उडी घेतो तोच स्वच्छ करून आवळायचा. बी-प्लस बोल्ट इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीशी जोडलेला असतो, म्हणून तो आवळायचा झाला तर आधी निगेटिव्ह काढणे अपरिहार्य आहे. पाना एका बाजूने या बोल्टला आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाला टेकला तर तो चटका नुसत्या ठिणगीवर भागत नाही.

डायोड आणि गळती

एक डायोड गेला तरी मीटरवर १३.५ दिसू शकते आणि तरीही बॅटरी पुरती भरत नाही. त्यासाठी मीटर एसीवर ठेवून, इंजिन व हेडलाइट चालू असताना बॅटरीच्या खांबांवर मोजावे. चांगल्या अल्टरनेटरमध्ये हा आकडा ०.१ च्या आसपास किंवा कमी असतो, ०.५ च्या पुढे गेला तर डायोड प्लेट खराब समजावी. स्पीकरमधील शीळ बहुधा इथूनच येते. मात्र आधी मीटरची परीक्षा घ्यावी: इंजिन बंद असताना एसीवर बॅटरीचे माप शून्य आले पाहिजे. काही स्वस्त मीटर तिथेही २५-२६ असा आकडा दाखवतात, कारण ते डीसी वेगळे काढत नाहीत. असा मीटर या तपासणीला निरुपयोगी आहे.

मीटरशिवाय होणारी एक खूण अशी: गाडी संध्याकाळी लावल्यावर सकाळी बॉनेट उघडून अल्टरनेटरच्या पाठीला हात लावावा. इंजिन गार आणि अल्टरनेटर मात्र कोमट असेल तर शॉर्ट झालेल्या डायोडमधून बॅटरी रात्रभर उलटी रिकामी होत आहे.

चार्जिंग सर्व बाजूंनी बरोबर असूनही बॅटरी उभ्या गाडीत उतरत असेल तर वेगळी गळती शोधावी. गाडीला कुलूप लावून अर्धा तास गेल्यावर, तिची आतली यंत्रणा झोपी गेली की, साधारण २० ते ५० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह वाहावा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, त्यामुळे ३५ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे लागतात. हाच प्रवाह अर्धा अँपिअर झाला तर दोन रात्रींतच ती तेवढी उतरते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि म्युझिक सिस्टीम एकेक करून सोडून पाहावे. हा प्रवाह मोजण्यासाठी मीटर बॅटरीच्या वाटेत जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये.

अल्टरनेटर उतरवण्यापूर्वीचे शेवटचे काम

पट्टा उतरवलेला असताना पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर जाणवली किंवा पुली वर-खाली हलली तर बेअरिंग गेले आहे. पट्टा चढवण्यापूर्वी बाकीच्या पुल्याही अशाच पाहाव्यात, कारण किंचाळणारा आवाज अल्टरनेटरचा नसून आयडलर पुलीचा, म्हणजे पट्ट्याला नुसता आधार देणाऱ्या पुलीचा, निघणे नेहमीचेच आहे. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकड घेते. ती दोन्हीकडे सारखीच मोकळी फिरत असेल तर पुलीच बदलायची असते.

अनेक अल्टरनेटरमध्ये कार्बन आणि रेग्युलेटर एकत्रच पाठीमागे दोन-तीन स्क्रूंनी बसवलेले असतात, आणि जागा मोकळी असेल तर अल्टरनेटर न उतरवताही काढता येतात. निगेटिव्ह काढून, मागचे झाकण काढून, हा भाग सरळ बाहेर ओढावा. कार्बन ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील, एक लांब व एक आखूड झाला असेल किंवा स्प्रिंगने बाहेर येत नसतील तर चार्जिंग कधी होणे आणि कधी न होणे, खड्ड्यात गाडी आपटल्यावर दिवा विझणे, अशा कोड्यात टाकणाऱ्या खुणांचा उलगडा होतो. आत टॉर्चने पाहिल्यावर तांब्याच्या दोन कड्या दिसतात. त्या काळ्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसाव्यात, पण त्यांत नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर नवे कार्बनही टिकणार नाहीत. कार्बनचा संच काही शे रुपयांत येतो आणि अल्टरनेटरला हजारो लागतात, म्हणून ही तपासणी चुकवू नये.

कुठे थांबावे

कड्या खोल झिजल्या असतील, डायोड प्लेट बदलायची असेल, बेअरिंग काढायचे असेल किंवा वेटोळी जळल्याचा वास येत असेल तर तिथे थांबावे आणि अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावा. डायोड प्लेटला डाग (सोल्डर) द्यायला तापमान सांभाळणारी डाग-यंत्रणा लागते, बेअरिंगला पुलर लागतो, आणि दुरुस्तीनंतर अल्टरनेटर बेंचवर भार देऊन तपासावा लागतो. घरी हे होत नाही. दुरुस्त केलेला अल्टरनेटर घेताना बेंचवर किती व्होल्टला किती अँपिअर आले ते समोर दाखवायला सांगावे, आणि बदललेले सुटे भाग परत मागावेत.

गाडी वॉरंटीत असेल, ती स्टार्ट-स्टॉप किंवा हायब्रिड असेल, तर लाल दिवा आणि टर्मिनल पाहण्यापलीकडे जाऊ नये. उदाहरणार्थ, २०१५ पासून मारुती सुझुकीच्या एसएचव्हीएस, म्हणजे सौम्य हायब्रिड, गाड्यांत सेल्फ आणि अल्टरनेटर यांचे काम एकच यंत्र करते. त्याचे माप सामान्य नियमांनी घेता येत नाही. इलेक्ट्रिक आणि पूर्ण हायब्रिड गाड्यांतील नारिंगी वायरींना कोणत्याही कारणाने हात लावू नये.

मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल आणि पाणी इंजिनापर्यंत चढले असेल तर ती सुरू न करता टो करून न्यावी. अल्टरनेटर अनेक गाड्यांत खालच्या अंगाला बसवलेला असतो, त्यात गाळ शिरतो, आणि कार्बन त्या गाळातच अडकून बसतात.

रस्त्यात लाल दिवा पेटला तर पहिली नजर तापमानाच्या काट्यावर टाकावी. काटा चढत असेल, किंवा दिवा पेटण्याच्या वेळी फटकन आवाज झाला असेल, तर पट्टा तुटला आहे असे धरून लगेच बाजूला थांबावे, कारण अनेक इंजिनांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंप असतो आणि काही मिनिटांत इंजिन तापून त्याचे हेड गॅस्केट (वरच्या भागाखालचे पॅकिंग) जाऊ शकते. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो; तिथे पट्टा तुटताच ब्रेक दगडासारखे कठीण होतात, आणि खंबाटकी किंवा बोरघाटाच्या उतारावर अशी गाडी पुढे नेणे म्हणजे जिवाशी खेळणे आहे. काटा स्थिर असेल तर एसी, ब्लोअर, डिफॉगर आणि गाणी बंद करून, इंजिन बंद न करता, जवळच्या सुरक्षित ठिकाणी किंवा गॅरेजपर्यंत जावे. भरलेली बॅटरी दिवसा पेट्रोल गाडीला थोडा वेळ देते. रात्री हेडलाइट लागत असल्याने तो वेळ बराच कमी होतो. स्टिअरिंग जड होऊ लागले किंवा डॅशबोर्डवर एकापाठोपाठ एक दिवे पेटू लागले की व्होल्टेज संपत आले आहे असे समजून, इंजिन आपण होऊन बंद पडण्याची वाट न पाहता, गाडी कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि टो व्हॅनला फोन करावा.